लाटेच्या अनेक प्रती

दिवाळी अंक हाती आला की पहिली नजर जाते ती मुखपृष्ठावर; अनुक्रमणिकेची पाळी नंतर. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला, आणि पुढे कितीतरी मराठी घरांना चित्राची गोडी लागली ती अशा अंकांतूनच. चित्र पाहण्यासाठी मुद्दाम संग्रहालयात जाण्याची चाल आपल्याकडे फारशी नव्हती. चित्रच छापले जाऊन आपल्या घरी येत असे. आता ते आणखी एका वाटेने येते. मोबाईलवर बोट फिरवावे, आणि जपानी ठसाचित्रे, पोलंडमधील भित्तिपत्रके, रशियन बालपुस्तकांतील चित्रे एकामागून एक सरकत जावीत! या श्रीमंतीकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. पण एवढे सारे दिसत असताना आपण पाहतो किती, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधायला एकच चित्र घेऊ, आणि तेही सर्वांच्या ओळखीचे.

जपानी चित्रकार कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याची ‘लाट’ पाहिली नाही असा माणूस विरळा. पिशव्यांवर, पेल्यांवर, सदऱ्यांवर ती असते. सुमारे १८३१ साली, सत्तरीच्या घरात असताना, फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांच्या मालेसाठी त्याने ही आकृती रचली. माला लोकांना इतकी आवडली की छत्तीसांची पुढे शेहेचाळीस झाली. चित्रात तीन लांबट नावा आहेत, त्यांत वाकून बसलेले नावाडी आहेत, आणि त्यांच्यावर फेसाची नखे काढून उठलेले पाणी आहे. दूर, लाटेच्या खोबणीत, फुजी एवढासा दिसतो. नावाने माला त्याची. पण येथे तो एखाद्या लहान लाटेसारखा गप्प बसला आहे, आणि फेसाचे थेंब जणू बर्फ होऊन त्याच्यावर पडत आहेत. चित्राची थोरवी मला या उलटापालटीत दिसते. जे अचल ते इवले झाले, आणि जे क्षणभराचे ते डोंगराएवढे! आणखी एक गंमत पाहा. जपानी वाचक उजवीकडून डावीकडे वाचणारा. तो नावांबरोबर चित्रात शिरतो आणि लाट त्याच्या अंगावर येते. आपण डावीकडून वाचणारे, त्यामुळे आपण लाटेच्या बाजूने आत जातो. त्या नावाड्यांची छाती कशी धडधडली असेल हे कळायला एकदा उजवीकडून पाहावे.

पडद्यावर पहिली फसगत होते ती आकारात. ही लाट भिंतभर असावी असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात कागद जेमतेम दहा इंच उंच आणि पंधरा इंच रुंद आहे. हातात धरून पाहण्याची ती वस्तू. दुसरी फसगत याहून खोल आहे. आपण विचारतो, ‘मूळ चित्र कोठे आहे?’ मूळ चित्र नाहीच! चित्रकाराने पातळ कागदावर रेखाटन करायचे, तो कागद चेरीच्या लाकडाच्या ठोकळ्यावर उपडा चिकटवायचा आणि कोरक्याने कागदासकट लाकूड कोरायचे, अशी ती रीत. ठोकळा तयार होताना रेखाटन नाहीसे होई. मग रंगांसाठी वेगळे ठोकळे, खुणेला खूण जुळवून ठेवलेला कागद, आणि पाठीमागून हाताने दिलेला दाब. युरोपातून आलेली प्रशियन निळाई या मालेत भरपूर वापरली गेली, आणि समुद्राला ती खोली आली. म्हणजे या कलाकृतीला प्रतींवाचून अस्तित्वच नाही. प्रती हेच तिचे मूळ.

आणि येथेच त्या बदनाम पडद्याचे ऋण मानावे लागते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ साली, स्वामित्वहक्क संपलेल्या आपल्या अनेक कलाकृतींची उत्तम छायाचित्रे सर्वांना विनामूल्य खुली केली. दोघांकडेही या लाटेच्या एकाहून अधिक प्रती आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. डावीकडे वर नावाची चौकट आहे. आरंभीच्या प्रतीत तिच्या रेघा सलग, नंतरच्या प्रतीत तुटलेल्या. छापता छापता लाकूड झिजले त्याची ही नोंद. एखाद्या प्रतीत आकाशात ढगाचा फिकट आकार दिसतो, दुसरीत तो जवळजवळ विरून गेलेला असतो. तेथे दोष बहुधा उजेडाने विटलेल्या रंगाचा. ब्रिटिश म्युझियममधील एका संशोधिकेने जगभरच्या अशा १११ प्रती शोधून त्यांच्या झिजेवरून त्यांचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला. पूर्वी ही तुलना संग्रहपालालाच शक्य होती. आज ती नागपुरातल्या वा मडगावातल्या एखाद्या मुलीला दिवाळीच्या सुटीत करता येते. शाई कागदात कशी मुरली, दाबाने कागद कोठे दबला, हे मात्र काच सांगणार नाही. रंगाबाबतही तिच्यावर फार विसंबू नये. पण प्रत आणि प्रत यांत भेद असतो, एवढे ती शिकवते. पहिला धडा म्हणून हे थोडे नाही.

या धड्याचा संबंध आपल्या भिंतींशीही आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तेथली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी पोहोचल्या. रंगागणिक वेगळी शिळा घासून, तिच्यावर आकृती उतरवून ती चित्रे छापली जात. घरच्या बायका पुढे त्यांवर जर आणि टिकल्या लावीत. म्हणजे शेवटचा हात घरातलाच. आपण त्या चित्रांची पूजा केली, पण त्यांना ‘छापील’ म्हणून कला मानले नाही, आणि चौकटीला वाळवी लागताच ती बाहेर टाकली. त्यांच्याखाली रविवर्म्याचे नाव असते, शिळेवर रंग उतरवणाऱ्या कारागिराचे नसते. होकुसाईच्या लाटेवरही त्याची सही आहे. कोरणाऱ्याची आणि छापणाऱ्याची नाही. आज मोबाईलवर वाहून येणाऱ्या चित्रांतून तर चित्रकाराचेही नाव गळून पडते. हा विसर जुनाच आहे. त्याचा वेग मात्र नवा आहे.

म्हणून रसिकाने पाहण्याची गती थोडी उतरवावी. आवडलेले चित्र सरकून जाऊ देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: कोणाचे, केवढे, कशावर छापलेले? उत्तरासाठी चित्र जेथे सांभाळले आहे त्या संग्रहालयापर्यंत जावे. आणि माळ्यावर आजीची जुनी लक्ष्मी गुंडाळून ठेवलेली असेल, तर तिच्याकडेही एकदा याच डोळ्यांनी पाहावे. कदाचित तिच्या साडीच्या काठावर एखादी टिकली अजून शिल्लक असेल. ती लावणाऱ्या हाताचे नाव तरी घरात कोणाला आठवत असेल. ते चित्राच्या पाठीवर लिहून ठेवावे.