नेतृत्वबदल की नवनिर्माण? : बॅटल क्रीक महाविद्यालयाच्या इतिहासाची चिकित्सा (१८७४ - १९०४)

प्रास्ताविक

शैक्षणिक संस्थांच्या इतिहासलेखनात प्राचार्यांच्या कारकिर्दी हेच कालखंड मानण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. कोणत्याही महाविद्यालयाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उघडली की प्राचार्यांची छायाचित्रे क्रमाने भेटतात आणि प्रत्येक छायाचित्राखाली एका 'पर्वाची' नोंद असते. या पद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, खुर्चीवरील व्यक्ती बदलली म्हणजे संस्था बदलते. प्रस्तुत लेखात हे गृहीतक एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे तपासून पाहिले आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाने १८७४ मध्ये स्थापन केलेले बॅटल क्रीक महाविद्यालय आणि त्याच्याभोवती उभी राहिलेली शाळांची व्यवस्था हे ते उदाहरण होय.

शनिवार हा विश्रामवार पाळणारा आणि ख्रिस्ताचे पुनरागमन समीप आहे असे मानणारा हा प्रॉटेस्टंट पंथ १८६३ मध्ये संघटित झाला. महाराष्ट्राला तो अगदीच अपरिचित नाही. १९१५ मध्ये कोईमतूर येथे सुरू झालेली या पंथाची प्रशिक्षण शाळा पुढे स्पायसर महाविद्यालय म्हणून १९४२ मध्ये पुण्यात आली आणि २०१४ मध्ये राज्याच्या कायद्याने तिला विद्यापीठाचे स्वरूप मिळाले. श्रम आणि अध्ययन यांची सांगड घालण्याचा जो आग्रह पुण्यातील या परिसरात दिसतो, त्याचे मूळ बॅटल क्रीकच्या वादांत आहे.

रूढ मांडणी आणि तिची मर्यादा

पंथाच्या अंतर्गत परंपरेत हा इतिहास बहुधा च्युती आणि प्रत्यागमन अशा साच्यात सांगितला जातो. १८७२ मध्ये एलेन व्हाइट यांनी शिक्षणविषयक विस्तृत लेखन करून बायबल, शारीरिक श्रम, आरोग्य आणि शेती यांवर आधारलेल्या शिक्षणाचा आराखडा मांडला. पहिल्या प्रमुखांनी तो बाजूला सारला. अखेर एडवर्ड सदरलँड यांनी तो प्रत्यक्षात आणला, असा या मांडणीचा आशय असतो. कथा म्हणून ती परिणामकारक आहे, यात शंका नाही. इतिहास म्हणून मात्र ती अपुरी ठरते, कारण तिच्यात व्यक्तींना फार मोठे आणि परिस्थितीला फार थोडे स्थान मिळते.

सिडनी ब्राउन्सबर्गर यांचेच पाहा. मिशिगन विद्यापीठाचे हे पदवीधर १८७४ पासून १८८१ पर्यंत महाविद्यालयाचे प्रमुख होते. त्यांच्या काळात लॅटिन व ग्रीकप्रधान अभिजात अभ्यासक्रम चालला, शेती व हस्तव्यवसाय कागदावर राहिले. व्हाइट यांना अपेक्षित असलेली शाळा कशी चालवावी हे आपणास ठाऊक नाही, असे त्यांनी प्रांजळपणे मान्य केल्याची आठवण नोंदलेली आहे. परंतु दोष एकट्या त्यांचा कसा मानावा? महाविद्यालयासाठी शहरात अवघी बारा एकर जमीन घेण्यात आली आणि तिच्यातीलही काही भाग विकण्यात आला. शेतीप्रधान शिक्षणाची शक्यता अशा रीतीने आधीच संकुचित झाली होती. जमिनीचा निर्णय प्रमुखांचा नव्हता, तो संस्थाचालकांचा होता. ज्या संस्थेला नांगरण्यास जमीन नाही तिच्या प्रमुखाने नांगर धरला नाही, ही तक्रार न्याय्य म्हणता येणार नाही.

याहून खोल अडचण पंथाच्या श्रद्धेतच होती. ख्रिस्ताचे आगमन जवळ असेल तर चार-पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम कशासाठी? प्रचारक व शिक्षक थोड्या काळात तयार व्हावेत, हीच त्या श्रद्धेची सरळ मागणी होती. याउलट मिशिगनच्या शेतकरी कुटुंबांतून आलेल्या तरुणांना बाहेरच्या जगात ग्राह्य ठरेल असे शिक्षण हवे होते. या दोन मागण्यांचा मेळ कोणत्याही प्रमुखाला सहज घालता येण्यासारखा नव्हता. सत्तावीस वर्षांत सहा प्रमुख झाले, याचा उलगडा त्यांच्या स्वभावांपेक्षा या पेचात अधिक सापडतो.

१८८१-८२ चा संघर्ष या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ब्राउन्सबर्गर यांच्यानंतर आलेले अलेक्झांडर मॅक्लर्न हे बाहेरून आलेले, पंथाशी नुकताच परिचय झालेले विद्वान धर्मोपदेशक होते. त्यांच्यासमोर गुडलो हार्पर बेल उभे ठाकले. बेल यांनी १८७२ मध्ये पंथाची पहिली अधिकृत शाळा चालविली होती. ते कडक शिस्तीचे होते, त्यांच्यापाशी अनुभव होता, परंतु पदवी नव्हती. पदवी आणि अनुभव यांतील हा झगडा (महाविद्यालयीन अध्यापकांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही) इतका विकोपाला गेला की बेल बाहेर पडले आणि १८८२-८३ या शैक्षणिक वर्षात महाविद्यालय बंद ठेवावे लागले.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक ठरते. ज्या १८८२ साली मुख्य महाविद्यालय बंद पडले, त्याच साली कॅलिफोर्नियातील हील्ड्सबर्ग येथे ब्राउन्सबर्गर यांच्या आणि मॅसॅच्युसेट्समधील साउथ लँकेस्टर येथे बेल यांच्या नेतृत्वाखाली नव्या शाळा उभ्या राहिल्या. बॅटल क्रीकमध्ये अपयशी ठरलेली दोन्ही माणसे अन्यत्र संस्थापक ठरली. व्यक्तीच्या गुणदोषांवर इतिहास रचणाऱ्यांना या घटनेचे स्पष्टीकरण देणे कठीण जाते.

प्रेस्कॉट यांची अनुपस्थिती

बंद पडलेले महाविद्यालय १८८३ मध्ये वॉलकॉट लिटलजॉन यांच्या हाती पुन्हा सुरू झाले. त्यांच्या आणि १८९४ ते १८९७ या काळातील जॉर्ज कॅव्हिनेस यांच्या कारकिर्दी संक्रमणाच्या होत्या. या दोहोंमधील विल्यम प्रेस्कॉट (१८८५-१८९४) हे मात्र या परंपरेतील सर्वांत समर्थ प्रशासक म्हणावे लागतील. डार्टमाउथचे हे पदवीधर महाविद्यालयासोबतच पंथाच्या संपूर्ण शिक्षणकार्याचे चिटणीस होते. नेब्रास्कातील युनियन महाविद्यालय १८९१ मध्ये आणि वॉला वॉला महाविद्यालय १८९२ मध्ये सुरू झाल्यावर एकाच वेळी तीन महाविद्यालयांचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८९१ मध्ये मिशिगनमधील हार्बर स्प्रिंग्ज येथे त्यांनी भरविलेल्या शिक्षक-शिबिरात बायबलला अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार प्रथमच सामूहिक पातळीवर स्वीकारला गेला. तथापि, स्वतः प्रेस्कॉट यांच्या बॅटल क्रीकमध्ये अभिजात अभ्यासक्रम बव्हंशी टिकूनच राहिला.

हार्बर स्प्रिंग्जचे फळ दूर पिकले. त्याच वर्षाच्या अखेरीस एलेन व्हाइट ऑस्ट्रेलियात गेल्या आणि न्यू साउथ वेल्समधील कूरनबाँग येथे विस्तीर्ण जमिनीवर १८९७ मध्ये ॲव्हॉनडेल शाळा सुरू झाली. तेथे जुना अभ्यासक्रम नव्हता, जुने माजी विद्यार्थी नव्हते, शहरही नव्हते. दुसरीकडे वॉला वॉला येथे अध्यक्ष प्रेस्कॉट बहुतेक काळ दूर असल्याने दैनंदिन कारभार तरुण सदरलँड यांच्याकडे होता आणि पुढील सुधारणांचे प्रयोग त्यांना तेथेच करता आले. प्रेस्कॉट यांचे मोठे योगदान त्यांच्या उपस्थितीपेक्षा त्यांच्या अनुपस्थितीने साधले, असे म्हटल्यास ती केवळ चमत्कृती ठरणार नाही. केंद्र ज्या वेळी शिथिल झाले त्या वेळी परिघावर नवे काही घडले.

सदरलँड पर्व : लाभ आणि किंमत

१८९७ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, सदरलँड बॅटल क्रीकचे अध्यक्ष झाले. पर्सी मॅगन हे त्यांचे निकटचे सहकारी. प्रारंभीच महाविद्यालयाचे क्रीडांगण नांगरून तेथे बटाटे लावण्यात आले. हे कृत्य प्रतीकात्मक होते. शेतीचे शिक्षण तेवढ्याशा जागेत होत नाही, हे त्यांनाही कळत होते. अभिजात अभ्यासक्रम गेला, पदव्याही बंद झाल्या. भर पडला तो गावोगावच्या मंडळींसाठी प्राथमिक शिक्षक तयार करण्यावर. १८९५ मध्ये पंथाच्या प्राथमिक शाळा १८ होत्या. १९०० मध्ये त्या २२० झाल्या. ही वाढ सदरलँड यांच्या एकट्याच्या बळावर झाली नाही, पण त्यांच्या महाविद्यालयाने शिक्षक पुरविले नसते तर ती झालीच नसती. या पर्वाचे श्रेय मोजायचे तर बटाट्यांच्या शेतापेक्षा या लहान शाळांत मोजावे.

१९०१ मध्ये महाविद्यालय शहर सोडून राज्याच्या नैर्ऋत्येकडील बेरियन स्प्रिंग्ज येथे गेले आणि इमॅन्युएल मिशनरी महाविद्यालय या नावाने नव्याने उभे राहिले. (पुढे १९६० मध्ये त्याचेच अँड्र्यूज विद्यापीठ झाले.) सत्तावीस वर्षांपूर्वीचा जमिनीचा प्रश्न अशा रीतीने सुटला. त्याच वर्षी पंथाच्या प्रशासनाची प्रादेशिक संघांत पुनर्रचना झाली, हा योगायोग महत्त्वाचा आहे. स्थलांतराला अनुकूल असा निर्णय घेणारी यंत्रणाच त्या वेळी बदलत होती.

परंतु पदव्या बंद करण्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. पंथाच्या चौकटीबाहेर त्यांच्या शिक्षणाला ओळख उरली नाही. ध्येयवादी अध्यक्षाला पदवीचा त्याग सोपा असतो. शिक्षण संपवून उपजीविका शोधणाऱ्याला तो तसा नसतो. सुधारणेची स्तुती करणाऱ्या लेखनात या विद्यार्थ्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो, आणि तीच त्या लेखनाची सर्वांत मोठी उणीव आहे. शिवाय ही सुधारणा ज्या दोघांनी आणली त्यांच्याशी ती इतकी जखडलेली होती की १९०४ मध्ये सदरलँड व मॅगन राजीनामा देऊन टेनेसीतील मॅडिसन येथे गेले, तेव्हा बेरियन स्प्रिंग्जची दिशा पालटू लागली आणि काही वर्षांतच पदव्यांची वाट पुन्हा खुली झाली. मॅडिसनची संस्था त्यांनी पंथाच्या प्रशासनापासून स्वतंत्र ठेवली.

मॅगन यांचा पुढील प्रवास या चर्चेत सहसा जोडून पाहिला जात नाही. वैद्यकीय पदवी घेऊन ते पंथाच्या लोमा लिंडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात गेले. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची प्रतवारी त्या काळात कठोर झाली होती. निकृष्ट श्रेणीतील संस्थेच्या पदवीधरांना व्यवसायाची दारे बंद होत होती. १९२२ मध्ये या महाविद्यालयाला 'अ' श्रेणी मिळाली, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत मॅगन अग्रभागी होते. वैद्यकीय प्रवेशासाठी विद्यार्थी मान्यताप्राप्त महाविद्यालयांतून यावेत ही अट त्यानंतर अपरिहार्य झाली, आणि पंथाच्या इतर महाविद्यालयांनाही बाह्य मान्यतेच्या रांगेत उभे राहावे लागले. बॅटल क्रीकमध्ये ज्यांनी पदव्या बंद करण्यास साथ दिली होती, तेच मॅगन १९२८ पासून १९४२ पर्यंत त्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यक्ष होते.