पीटरच्या आधीचे रंग

रशियाचे दार युरोपला उघडून दिले ते पीटर द ग्रेटने, हे आपण शाळेपासून ऐकतो. चित्रकलेपुरते तरी ते खरे नाही. पीटर जन्मला १६७२ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १६५५ मध्ये, रशियन चर्चचा प्रमुख पेट्रिआर्क निकॉनने क्रेमलिनच्या कॅथेड्रलात भर उपासनेत ‘फ्रँक’ म्हणजे पाश्चात्त्य धाटणीचे आयकॉन, अर्थात पूजेची चित्रे, जमिनीवर आपटून फोडले होते. ते जाळू नका, पुरा, अशी गळ झार अलेक्सेईला घालावी लागली. निकॉनचा हाडवैरी धर्मगुरू अव्वाकुम. पण या एका बाबतीत त्याचेही म्हणणे तेच. ख्रिस्ताचा चेहरा फुगीर, ओठ लाल, दंड जाडजूड काढले की तो परदेशी माणूस दिसतो, ही त्याची तक्रार.

ही तक्रार निव्वळ कर्मठपणाची नव्हती, असे मला वाटते. सिमोन उशाकोव्ह हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला चित्रकार. १६७१ चे त्याचे ‘त्रिमूर्ती’ पाहावे. तीन देवदूतांची मांडणी जुना आयकॉनकार आंद्रेई रुब्लेव्ह याची. पण रुब्लेव्हच्या मोकळ्या मेजावर एकच पात्र आहे. इथे भांड्यांची गर्दी. मागे खांब आणि कमानी उभ्या राहिल्या आहेत, त्या एका इटालियन चित्राच्या छापावरून उचललेल्या. चेहऱ्यांना छायाप्रकाशाने गोलाई आली आणि मौन हरवले. हात विलक्षण तयारीचा आहे, पण दोन परंपरा शेजारी बसल्या, एकजीव झाल्या नाहीत.

उशाकोव्हच्या क्रेमलिनमधल्या कार्यशाळेत इराणातल्या न्यू जुल्फाहून आलेला आर्मेनियन बोग्दान सल्तानोव्हही होता. वारे फक्त पश्चिमेचे नव्हते. आणि पश्चिमेचे वारेही फक्त रशियातच वाहत नव्हते: आपल्याकडे १५८० मध्ये गोव्याहून गेलेल्या जेझुइटांनी अकबराला अँटवर्पला छापलेले बायबल दिले आणि मुघल चित्रकार अशाच छापांवर हात बसवू लागले, ते इथे आठवते.

या मिश्रणाचा खरा कस लागला तो राजधानीबाहेर, व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्हलमध्ये. तिथल्या एलिजा प्रेषिताच्या चर्चच्या भिंती १६८०-८१ मध्ये गुरी निकितिन, सिला साविन आणि त्यांच्या सोबत्यांनी रंगवल्या. पुढ्यात नमुना होता ॲम्स्टरडॅमच्या पिस्काटोर बायबलचा, म्हणजे बायबलकथांच्या छापील चित्रसंग्रहाचा. उदाहरणार्थ, बायबलमधल्या शूनेमच्या बाईचा मुलगा शेतात जातो, तिथे त्याचे डोके दुखू लागते, ही कथा. डच छापात प्रसंग काळ्या-पांढऱ्या रेघांचा. म्हणजे रंग सगळा या मंडळींचा स्वतःचा. पिवळेधमक पीक, त्यात रंगीत सदऱ्यांतले कापणीवाले विळा घेऊन वाकलेले. खोलीचा भास त्यांनी जवळजवळ नाकारला आणि भिंत भिंतच राहू दिली. परदेशी कथनाची चपळाई तेवढी घेतली. मला हे उशाकोव्हच्या कौशल्यापेक्षा मोठे काम वाटते.

पीटरने पुढे इव्हान निकितिनला शिकायला इटलीला धाडले, आणि त्याने उत्तम व्यक्तिचित्रे काढली. मात्र त्या व्यक्तिचित्रांपासून रशियन चित्रकलेचा इतिहास सुरू करणारी पुस्तके यारोस्लाव्हलच्या भिंती सजावट म्हणून बाजूला सारतात, ते मला मान्य नाही.