जाणिवेचे मोजमाप आणि विषमतेचे विस्मरण : पुणे जिल्ह्यातील वृद्धारोग्यविषयक संशोधनाची समीक्षा

वृद्धांच्या आरोग्यासंबंधी महाविद्यालयीन स्तरावर जे क्षेत्रीय अभ्यास होतात, त्यांत 'जाणीव-जागृतीचे प्रमाण' हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. प्रश्नावली घेऊन गावात जावे, साठीपुढील शंभर-दोनशे स्त्री-पुरुषांना मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू यांविषयी विचारावे, होकारार्थी उत्तरांची टक्केवारी काढून ती शिक्षण व उत्पन्नाशी ताडून पाहावी आणि 'जनजागृतीची नितांत आवश्यकता आहे' असा निष्कर्ष नोंदवावा, अशी ही वहिवाट आहे. निष्कर्ष खोटा नसतो. परंतु तो अभ्यासापूर्वीही ठाऊक असतो. या पद्धतीतील खरा दोष मात्र निराळा आहे. ज्या विषमतेचा शोध घ्यावयाचा, तीच विषमता या मोजमापात झाकली जाते. हा दोष पारखण्यास बारामती व इंदापूर हे तालुके विशेष उपयुक्त आहेत.

बाहेरून पाहणाऱ्यास हे दोन्ही तालुके एकजिनसी समृद्धीचे वाटतात. १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने येथील बागायती पट्टा घडविला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांनी त्यावर अर्थकारण उभे केले. तथापि बारामतीच्या उत्तर-पश्चिमेकडील सुपे-मोरगाव हा भाग जिरायतीच राहिला. इंदापुरात उजनी धरणाच्या फुगवट्याखाली भीमाकाठची गावे गेली व पळसदेवसारखी वस्ती नव्याने वसवावी लागली. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या पिढीने ते विस्थापन ऐन तारुण्यात अनुभवले आहे. कालव्यालगतचा बागायतदार, जिरायती गावातील शेतमजूर, धरणग्रस्त शेतकरी आणि दिवाळीनंतर मेंढरांसह कोकणाकडे उतरणारे धनगर कुटुंब यांना 'ग्रामीण वृद्ध' या एकाच रकान्यात बसविणारी सरासरी कोणाविषयीच काही सांगत नाही.

याच जिल्ह्यात वृद्धारोग्याचा जो गंभीर अभ्यास झाला, तो वढू येथील होय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्राने शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत २००२ पासून लोकसंख्या व आरोग्य यांची सातत्यपूर्ण नोंद ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धत्वविषयक प्रकल्पाच्या निमित्ताने तेथे पन्नाशीपुढील ५,४३० व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या, आणि सिद्धिविनायक हिरवे, संजय जुवेकर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्यांवर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध केला. नेहमीच्या शंभर उत्तरदात्यांच्या पाहणीशी याची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय व्यक्तीगणिक 'बरे' व 'वाईट' यांच्या कसोट्या बदलतात, याचे भान या संशोधकांनी ठेवले. कल्पित व्यक्तींची छोटी शब्दचित्रे उत्तरदात्यापुढे ठेवून, त्यांची प्रकृती तो कशी ठरवितो हे पाहून, त्याच्या स्वतःविषयीच्या उत्तराचे मापांकन करण्यात आले.

या निबंधाचे निष्कर्ष लक्षणीय आहेत. वयाबरोबर आणि शिक्षणाच्या अभावाबरोबर असमर्थता वाढते. स्त्रिया व जोडीदार हयात नसलेले अतिवृद्ध स्वतःची प्रकृती अधिक वाईट सांगतात. मात्र कुटुंबांच्या पाचही आर्थिक स्तरांत कार्यक्षमतेविषयीची स्वयंनिवेदने जवळपास सारखीच आढळली, आणि जीवनमानाविषयीच्या समाधानात सामाजिक स्थितीने फारसा फरक पडला नाही. जोडीदाराच्या अभावी समाधान घटत नाही, याचे श्रेय पारंपरिक एकत्र कुटुंबाच्या संरक्षक प्रभावाला असू शकेल, असे लेखकांनी सुचविले आहे.

येथे समीक्षेला जागा आहे. गरीब व श्रीमंत सारखेच उत्तर देतात, याचा अर्थ ते सारखेच निरोगी आहेत असा होतो काय? अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये एका लेखात या प्रश्नाचे मर्म दाखविले होते. केरळात आयुर्मान देशात सर्वाधिक, तरी स्वतः सांगितलेल्या आजारांचे प्रमाणही तेथेच सर्वाधिक. बिहारात आयुर्मान कमी व सांगितलेला आजारही कमी. आणि अमेरिकेतील लोक तर केरळापेक्षाही अधिक आजार सांगतात. जेथे दवाखाना, शाळा व वर्तमानपत्र पोहोचले, तेथे माणसाला आपल्या दुखण्याचे नाव कळते. जेथे ते पोहोचले नाही, तेथे दुखणे हा वयाचा धर्म मानला जातो. शब्दचित्रांच्या मापांकनाने कसोट्यांतील फरक काही अंशी दूर होतो. पण ज्या विकाराचा पत्ताच नाही, त्याचे मापांकन शब्दचित्र कसे करणार?

एकत्र कुटुंबाच्या संरक्षणाचा तर्क तर अधिकच जपून स्वीकारावा लागेल. ग्रामीण घरात अशी मुलाखत बहुधा ओसरीवर, सुना-नातवंडांच्या देखत होते. पाहुण्या माणसापुढे घराची अब्रू राखणे हा जुन्या पिढीचा संस्कार आहे. 'बरं चाललंय' हे उत्तर समाधानाचे आहे की शिष्टाचाराचे, हे पाच बिंदूंच्या मोजपट्टीला कळत नाही. याच संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले की, स्वतःची प्रकृती वाईट आहे असे सांगणाऱ्यांत पुढील काळात मृत्यूचा धोका अधिक असतो. म्हणजे वृद्धांच्या तक्रारीवर विश्वास ठेवावा, हे सिद्ध झाले. त्यांच्या मौनावर तेवढाच विश्वास ठेवावा, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

हा भेद आकड्यांत किती मोठा होतो, हे रक्तदाबावरून दिसते. भारतातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार उच्च रक्तदाब असलेल्या ग्रामीण व्यक्तींपैकी सुमारे २५ टक्क्यांना, तर शहरी व्यक्तींपैकी ४२ टक्क्यांना आपल्या विकाराची माहिती होती. रक्तदाब नियंत्रणात असलेले ग्रामीण भागात सुमारे ११ टक्के व शहरात २० टक्के होते. समजा, बारामती शहर व एखादे जिरायती गाव या दोन्ही ठिकाणी विकाराचे खरे प्रमाण अगदी समान आहे. केवळ 'तुम्हाला रक्तदाब आहे का?' असे विचारणाऱ्या पाहणीत शहर गावाच्या दीडपटीहून अधिक आजारी दिसेल आणि 'रक्तदाब हा सुखवस्तूंचा विकार' या समजुतीला संशोधनाची मोहोर मिळेल. २०१७-१८ मध्ये देशभरात पंचेचाळीशीपुढील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची वृद्धत्वविषयक पाहणी झाली. तिच्यात साठीपुढील सुमारे ३२ टक्क्यांनी रक्तदाबाचे निदान झाल्याचे सांगितले; पण त्या पाहणीने केवळ सांगण्यावर न थांबता रक्तदाब यंत्राने मोजलाही. हा धडा महाविद्यालयीन संशोधनाने उचलावयास हवा होता. रक्तदाबमापक यंत्र ही काही दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही.

जाणिवेच्या प्रश्नांचीही चिकित्सा करणे अवश्य आहे. 'उच्च रक्तदाबाची लक्षणे कोणती?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत आढळतो. वस्तुतः उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षणेच नसतात. 'डोके दुखते, चक्कर येते' असे सांगणाऱ्याला गुण मिळतात आणि 'काही कळत नाही' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला अज्ञानी ठरविले जाते, जरी वैद्यकीय दृष्ट्या त्याचेच उत्तर अधिक बरोबर असले तरी! भाषेचा अडथळा याहून सूक्ष्म आहे. मधुमेह म्हटले की गप्प बसणारी आजी 'शुगर' म्हटले की शेजारणीच्या पायाची जखम सांगू लागते. अर्धांगवायू तिला परका असतो, 'अंगावरून वारं गेलं' हे तिच्या घरातले असते. तीन राज्ये व एक केंद्रशासित प्रदेश यांतील प्रौढांच्या ज्या अभ्यासात महाराष्ट्राचा समावेश होता, त्याच्या २०१४ च्या अहवालानुसार मधुमेहाविषयी ऐकलेले लोक शहरांत ५८ टक्के, तर ग्रामीण भागात ३७ टक्के होते. हा फरक खराच आहे. परंतु त्यातील किती भाग ज्ञानाचा व किती शब्दाचा, हे विचारणारी प्रश्नावली विरळाच.

आता विषमतेच्या मोजपट्टीकडे वळू. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या अभ्यासांत बी. जी. प्रसाद यांचे १९६१ चे वर्गीकरण, किमतींच्या निर्देशांकानुसार सुधारून, सर्रास वापरले जाते. त्यात कुटुंबाचे मासिक उत्पन्न माणशी काढून वर्ग ठरवितात. ज्या घरात मुलाच्या नावे ऊस आहे, दारात ट्रॅक्टर आहे, त्या घरातील विधवा आई या गणिताने वरच्या वर्गात जाते. तिच्या कनवटीला स्वतःचे किती पैसे आहेत, हे कोणी विचारीत नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये तिला मिळणे कठीण, कारण तेथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना लागू झालेली आयुष्मान भारत योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रोज घ्यावयाच्या गोळीचा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. वढूच्या अभ्यासातील आर्थिक स्तरांमधील साम्य याही अंगाने वाचता येईल. वृद्धांची गरिबी कुटुंबाकुटुंबांमध्ये जेवढी आहे, तेवढीच ती कुटुंबाच्या आत आहे, आणि कुटुंब हेच एकक धरणाऱ्या मापाला ती दिसत नाही.

अज्ञान हे विषमतेचे कारण की परिणाम, हा प्रश्नही येथेच सुटतो. आपल्याला रक्तदाब आहे हे माणसाला स्वतःच्या बुद्धीने कळत नाही. कोणीतरी तो मोजल्यावर कळते. ग्रामीण २५ टक्के हा आकडा वृद्धांच्या जागरूकतेचा जेवढा आहे, त्याहून अधिक तो आरोग्यसेवा त्यांच्यापर्यंत किती पोहोचली याचा आहे. राज्य परिवहनाच्या गाडीत पंच्याहत्तरीपुढील प्रवाशांना २०२२ पासून भाडे पडत नाही, हे खरे. परंतु आडवाटेच्या वस्तीवर गाडी दिवसातून किती वेळा येते आणि सोबत येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कोण भरून देणार, यांवर तपासणी ठरते. या गोष्टींना 'आरोग्याविषयी उदासीनता' असे नाव देणे म्हणजे व्यवस्थेची उणीव म्हाताऱ्याच्या पदरात टाकणे होय.

शेवटचा प्रश्न नमुन्यात कोण येतो, हा आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीडसह मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून ऊसतोड टोळ्या या कालव्याकाठच्या फडांवर येतात. पाचटाच्या कोपीत राहणारी, नातवंडे सांभाळण्यासाठी आणलेली म्हातारी बारामती-इंदापूरच्या कोणत्याही मतदारयादीत नसते, म्हणून घरयादीवरून काढलेल्या नमुन्यातही नसते. गावी बीडमध्ये त्याच महिन्यांत पाहणी झाली, तर तेथे घराला कुलूप असते. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असल्याने पुढील काळात या तालुक्यांत अधिक शास्त्रशुद्ध पाहण्या होण्याची शक्यता वाढली आहे. त्यांचे क्षेत्रकार्य गळीत हंगामात होणार की उन्हाळी सुटीत, घरयादी ग्रामपंचायतीकडून घेणार की फडावरच्या मुकादमाकडून, यांवर त्या पाहण्यांतील सर्वांत खालचा स्तर कोणता असेल, हे अवलंबून राहील.