फुलसावंगीत 'लस' कुठून आली?

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. गावांच्या यादीत 'लस' हा शब्द शोधायला सांगावा, शोध 'पूर्ण शब्दा'पुरता ठेवावा, आणि संगणकाने फुलसावंगी समोर आणून ठेवावी, असे घडू शकते. पायथॉन 3 या संगणकभाषेसोबत येणारा नमुनाशोधक वापरला, तर ते घडतेच. हा दोष आम्हांस किरकोळ वाटत नाही.

संगणकाला शब्द दिसत नाहीत, चिन्हांची रांग दिसते. शब्दात कोणती चिन्हे बसतात हे त्याला आधी सांगून ठेवलेले असते. अशा चिन्हांची सलग रांग म्हणजे त्याच्या लेखी शब्द. पायथॉनच्या व्याख्येत अक्षरे, अंक आणि अधोरेषा बसतात. युनिकोडमध्ये आपला काना, उकार, वेलांटी, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे आहेत आणि त्यांचा वर्ग 'अक्षर' नसून 'खूण' हा आहे. म्हणजे ती व्याख्येबाहेर! मग फुलसावंगीचे तुकडे पडतात : फ, लस, व, ग. तुलसीदासांतूनही लस निघते.

'घर' शोधताना तर गंमतच होते. 'घरात', 'घरी', 'घरासाठी' सापडतात, कारण 'र'नंतर काना किंवा वेलांटी आली की शब्द संपला असे धरले जाते. 'घरचा' आणि 'घरकुल' मात्र सुटतात. पाहणाऱ्याला वाटावे, यंत्राला विभक्ती कळते! वास्तविक ते चुकतच असते. चूक अधूनमधून उपयोगी पडते इतकेच, आणि म्हणून ती पकडणे कठीण. जावास्क्रिप्टची तऱ्हा निराळी. तेथे शब्दाची सीमा ठरवताना रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा एवढेच धरतात. त्यामुळे मराठी वाक्यात 'घर' सुटा उभा असला तरी उत्तर शून्य.

उपाय ठाऊक नाही असे नाही. युनिकोडची तांत्रिक शिफारस क्रमांक 18 या खुणा शब्दात धरायला सांगते. पायथॉनसाठीच वेगळा मिळणारा 'रेजेक्स' हा संच तसे करतोही. व्याख्या बदलली तर जुन्या आज्ञावल्या बिघडतील, ही अडचण खरी. पण तोवर भुर्दंड मराठी वाचकाने का सोसावा?

अर्थात खुणा सांभाळल्या तरी मराठीचे काम संपत नाही. 'फुलसावंगी' हा पूर्ण शब्द शोधला की 'फुलसावंगीला', 'फुलसावंगीचे' वगळले जातात, आणि तेही अगदी नियमाप्रमाणे. शब्दाचा केवळ आरंभ जुळवावा, तर 'मूल'चे 'मुलाला' होते, 'पाणी'चे 'पाण्यात'. आपण वर्गात शिकवतो तो सामान्यरूपाचा धडा शोधयंत्राला वेगळा शिकवावा लागतो.

विद्यार्थी प्रकल्पासाठी नोंदी चाळतो, शून्य उत्तर पाहतो आणि वहीत लिहितो, 'गावाचा उल्लेख नाही'. त्याला आधी 'फुलसावंगी', मग 'फुलसावंगीत', मग दीर्घ ऊकाराचे 'फूलसावंगी' आणि शेवटी 'पूर्ण शब्द'ची अट काढून नुसते 'सावंगी' शोधायला लावावे. शेवटच्या शोधात वर्ध्याची सावंगी (मेघे) सुद्धा येईल. ती हाताने वगळावी.