प्रवेश आणि निकष : ब्रिटिश कलाशिक्षणातील वर्णप्रश्न

ब्रिटनमधील कला व डिझाइन शिक्षणातील वर्णभेदाची चर्चा बहुधा प्रवेशाच्या प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. किती कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाले, किती अध्यापक नेमले गेले, ही मोजदाद आवश्यकच आहे. परंतु कलाशाळेत विद्यार्थ्याच्या कामाचा सतत निवाडा होत असतो. ज्या निकषांवर हा निवाडा होतो ते कोणाच्या अनुभवातून घडले, हे तपासले गेले नाही तर प्रवेशाने मिळालेली समता स्टुडिओच्या उंबरठ्यावरच संपते.

या निकषांना इतिहास आहे. लंडनमधील शासकीय डिझाइन स्कूल १८३७ साली निघाले. साउथ केन्सिंग्टनमध्ये विस्तारलेल्या या संस्थेला १८९६ साली रॉयल कॉलेज ऑफ आर्ट हे नाव मिळाले. या शिक्षणव्यवस्थेच्या वर्तुळातील ओवेन जोन्स यांचा ‘द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ हा ग्रंथ १८५६ सालचा. त्याचे पहिलेच प्रकरण ‘रानटी जमातीं’च्या अलंकरणावर आहे, आणि जोन्स त्या नक्षीची मनापासून प्रशंसा करतात. मात्र युरोपीय अलंकरण ग्रीक, रोमन, मध्ययुगीन, रेनेसान्स अशा क्रमाने मांडले जात असताना जमातींच्या नक्षीला काळच नाही. एकाला इतिहास आणि दुसऱ्याला केवळ उपजत कौशल्य, ही विभागणी प्रशंसेच्या आडूनच रूढ झाली. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्येही साउथ केन्सिंग्टनची अध्यापनपद्धती आली, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

१९६०च्या कोल्डस्ट्रीम अहवालानंतर ब्रिटिश कलाशाळांत कलेचा इतिहास हा पदविका अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग झाला. तो कोणाचा इतिहास, हा प्रश्न पुढच्या पिढीने विचारला. एडी चेंबर्स, कीथ पायपर प्रभृती तरुणांनी १९८१ साली वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये प्रदर्शन भरविले. १९८२च्या ऑक्टोबरमध्ये तेथीलच पॉलिटेक्निकमध्ये कृष्णवर्णीय कलेचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन झाले. या कलेचे स्वरूप, कार्य आणि भवितव्य हा त्याचा विषय. ज्या संस्थेच्या अभ्यासक्रमात या प्रश्नाला जागा नव्हती, तिच्याच वास्तूत तो मांडला गेला. या चळवळीतही कृष्णवर्णीय स्त्रीच्या चित्रणाविषयी क्लॉडेट जॉन्सन बोलू लागताच मतभेद उफाळले आणि स्त्रियांनी वेगळी चर्चा केली. अन्याय्य निकषाविरुद्ध उभे राहणाऱ्यांतही नवा निकष ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद टळत नाही.

रशीद अराईन यांनी १९८९ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ‘द अदर स्टोरी’ हे प्रदर्शन सिद्ध केले. जे. जे.मधून १९४५ साली काढून टाकण्यात आलेले गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझाही त्यात होते. चोवीस कलावंतांत स्त्रिया मात्र चारच होत्या. हे कलावंत दुर्लक्षित राहिले कारण त्यांच्या कामात गुणवत्ताच कमी होती, असे काही समीक्षकांनी म्हटले. दुर्लक्षालाच गुणवत्तेच्या अभावाचा पुरावा मानणारा हा युक्तिवाद चक्राकार आहे. तथापि मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांनी सहभागास नकार दिला, हेही विसरता येत नाही. वंशाच्या नावाखाली एकत्र येणे म्हणजे आपली कृती त्या नावातच कोंडून घेणे, ही भीती निराधार नव्हती. संस्था आधी विषय नाकारते, आणि पुढे स्वीकारते तेव्हा विषयाखेरीज काही पाहत नाही. या कोंडीतून दोघेही आपापल्या परीने वाट काढत होते.

मराठी वाचकाला ही कोंडी अपरिचित नाही. १९७२च्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून स्फूर्ती घेतली, हे सर्वश्रुत आहे. दलित साहित्याला स्वतंत्र सौंदर्यशास्त्र हवे की प्रस्थापित निकषांचीच फेरतपासणी हवी, हा वाद मराठी समीक्षेत दीर्घकाळ चालला. जात आणि वंश यांचे समीकरण मांडणे योग्य नव्हे; पण ‘सार्वत्रिक’ म्हणविणाऱ्या मूल्याला त्याचा पत्ता विचारण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

या रीतीची सार्थकता लुबैना हिमिद यांच्या ‘अ फॅशनेबल मॅरेज’ या कृतीवरून स्पष्ट होते. हिमिद रॉयल कॉलेजच्याच विद्यार्थिनी. हॉगार्थच्या अठराव्या शतकातील चित्राची पुनर्रचना करून त्यांनी १९८६ साली समकालीन राजकारण आणि कलाविश्व यांचा उपहास केला. म्हणजे कोल्डस्ट्रीमोत्तर कलाशाळेने शिकविलेल्या ब्रिटिश परंपरेचे त्यांना उत्तम ज्ञान होते. हीच कृती २०१७ साली टर्नर पारितोषिकाच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि ते पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. एकतीस वर्षांत कृती बदलली नव्हती; बदलली ती पाहणाऱ्यांची दृष्टी. गुणवत्ता कालातीत असते असे सांगणाऱ्या शिक्षणाने या एकतीस वर्षांचा हिशेब दिला पाहिजे. उशिराच्या सन्मानाने तो फिटत नाही. आज स्टुडिओत ज्या विद्यार्थ्याच्या कामाला ‘विषय फारच वैयक्तिक’ असा शेरा मिळेल, त्याच्यासमोर तो रोज नव्याने मांडावा लागतो.