ड्रमवाचूनचा ठेका

एल्विस प्रेस्लीची पहिली तबकडी ऐकताना अनेकांच्या ध्यानातच येत नाही, की तिच्यात ड्रम नाहीत. एल्विसची साधी गिटार, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि बिल ब्लॅकचा उभा डबल बास. एवढीच मंडळी. तरी पाय ठेका धरतो, कारण ब्लॅक तार नुसती छेडत नाही. तो ती ओढून सोडतो, ती बासच्या पट्टीवर आपटते, आणि दोन सुरांच्या मधल्या जागेत तळहाताची थाप पडते. सूर आणि ताल, दोन्ही एकाच वाद्यातून. या ‘स्लॅप बास’चा शोध काही ब्लॅकने लावला नव्हता. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझवाल्यांना ही थाप फार आधीपासून ठाऊक होती, आणि मॅडॉक्स ब्रदर्स अँड रोझ या भावंडांच्या वाद्यवृंदातला फ्रेड मॅडॉक्स १९४० च्या दशकातच बास असा बडवून काढत होता.

रॉकबिली हे नाव ‘रॉक’ आणि ‘हिलबिली’ यांच्या जोडातून आलं. हिलबिली म्हणजे डोंगराकडचा गावंढळ. गरीब गोऱ्यांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द. या गोऱ्यांच्या मुलांनी ब्लूज पुस्तकातून शिकला नाही. कार्ल पर्किन्स टेनेसीतल्या कापसाच्या शेतांत वाढला आणि गिटारचे पहिले धडे त्याने जॉन वेस्टब्रुक या कृष्णवर्णीय शेतमजुराकडून घेतले. त्याच्या काही वर्षं आधी कंट्री गायक हँक विल्यम्सचा गुरू होता अलाबामाच्या रस्त्यांवर गाणारा रूफस पेन. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, असा तो काळ होता. रेडिओच्या लहरींवर मात्र कुणाला कुंपण घालता आलं नाही.

५ जुलै १९५४ रोजी मेम्फिसमध्ये ७०६, युनियन अव्हेन्यू इथल्या सॅम फिलिप्सच्या छोट्या स्टुडिओत तिघं जण संथ गाणी जमवत बसले होते. जमत काही नव्हतं. मधल्या विश्रांतीत एल्विसने आर्थर क्रूडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ गमतीत, उड्या मारत म्हणायला घेतलं. ब्लॅकने साथ धरली, मग मूरने. फिलिप्सने त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सांगितलं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ आलं. मूळचं ते तीन मात्रांवर झुलणारं वॉल्ट्झ. या तिघांनी ते चार मात्रांत आणून दामटवलं. एका बाजूला कृष्णवर्णीयांचा ब्लूज, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचं ब्लूग्रास, आणि दोन्हींचा चेहरामोहरा बदललेला. रॉकबिलीची व्याख्या शोधणाऱ्याने ही एक तबकडी उलटसुलट करून ऐकावी.

फिलिप्सचा कान चुकांच्या बाजूने होता. सूर किंचित घसरला तरी चालेल, पण गाण्यातली धग जाता कामा नये, असा त्याचा हिशेब. त्याच्या प्रसिद्ध ‘स्लॅपबॅक’ प्रतिध्वनीची करामतही साधीच होती: आवाज दुसऱ्या टेपयंत्रावर उमटवायचा, क्षणार्धाने मागे पडलेला तो आवाज मूळ आवाजात मिसळायचा. ‘आय वॉक द लाइन’मध्ये जॉनी कॅशने तारांत कागद अडकवून ड्रमसारखी खरखर काढली, तीही याच खोलीत. पुढे एल्विसचा करार ३५ हजार डॉलरला आरसीएकडे गेला. जानेवारी १९५६ मध्ये ‘हार्टब्रेक हॉटेल’ करताना त्या बड्या कंपनीने मेम्फिसचा प्रतिध्वनी गाठण्यासाठी नॅशव्हिलच्या स्टुडिओबाहेरच्या बोळकांडीचा आधार घेतला. गाणं गाजलं, पण तो आवाज ओसाड सभागृहातला वाटतो, मेम्फिसचा खोलीतला वाटायचा. दोन्हींची जात वेगळी.

या संगीताचं कौतुक करताना एक उधारी वहीत लिहून ठेवावीच लागते. रूफस थॉमसच्या ‘बेअर कॅट’ने १९५३ मध्ये फिलिप्सच्या सन कंपनीला पहिलं मोठं यश दिलं. एल्विस आल्यावर फिलिप्सचं लक्ष गोऱ्या गायकांकडे वळलं, ही तक्रार थॉमसने पुढे उघडपणे केली. एल्विसचं ‘मिस्टरी ट्रेन’ आधी ज्युनियर पार्करचं होतं. क्रूडप तर १९७४ मध्ये वारला, तोवर त्याला आपल्या गाण्यांचा रास्त मोबदला मिळालाच नव्हता.

मेम्फिसचाच जॉनी बर्नेट आणि त्याचे दोन साथीदार एल्विसहून रांगडे होते. १९५६ च्या ‘द ट्रेन केप्ट अ-रोलिन’मधली करवतीसारखी फाटलेली गिटार आजही अंगावर येते. वांडा जॅक्सनचा घोगरा, डरकाळीवजा आवाज अमेरिकन रेडिओला झेपला नाही. तिचं ‘फुजियामा मामा’ चाललं ते जपानमध्ये, तेही गाण्यात हिरोशिमा-नागासाकीचा उल्लेख असताना! दशक सरता सरता हा भर ओसरला. बडी हॉली विमान अपघातात गेला, एडी कॉक्रन इंग्लंडमध्ये मोटार अपघातात, आणि एल्विस लष्करातून परतला तो मवाळ होऊन.

आज रॉकबिली मेलेलं नाही. उलट जरा जास्तच नीट जपलं गेलंय. लास व्हेगासमध्ये १९९८ पासून दरवर्षी मोठा मेळा भरतो: तेलाने चोपडून बसवलेले केस, जुन्या मोटारी, पोल्का ठिपक्यांचे झगे, सगळं बिनचूक. स्ट्रे कॅट्सने १९८१ मध्ये आधी इंग्लंड जिंकलं, मग अमेरिका. त्यांच्या ब्रायन सेट्झरची बोटं स्कॉटी मूरपेक्षा निःसंशय तयार आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मूर पुढचा सूर शोधत वाजवतो. सेट्झरला तो आधीच ठाऊक असतो. त्या मानाने पंकच्या चिखलात लोळलेले क्रॅम्प्स मूळ स्वभावाच्या जवळचे, मग त्यांचं वाजवणं कितीही ओबडधोबड असो. नव्या वादकांनी पन्नासच्या दशकातल्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करणं थांबवून, त्या तबकड्या करणारे स्वतः काय ऐकत होते ते ऐकावं. सुरुवात क्रूडपने १९४६ मध्ये केलेल्या मूळ ‘दॅट्स ऑल राइट’पासून करावी. त्यात ड्रम आहेत.