लेखणी का थांबते? : स्त्रीच्या कारभाराविषयीच्या लेखनाचा एक प्रश्न

पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यातील एका वसाहतीस संत तुकाराम नगर असे नाव आहे. २०२२ पासून तेथील मेट्रो-स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते. ज्यांचे नाव या नगरास मिळाले त्यांचा संसार प्रत्यक्षात कोणी चालविला, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तुकोबा डोंगरावर चिंतनात असता घर सांभाळणारी जिजाई आपल्या परिचयाची आहे. पण ती परिचयाची आहे ती महीपतीसारख्या चरित्रकारांच्या व परंपरेच्या शब्दांत. तिचा स्वतःचा शब्द उरलेला नाही आणि परंपरेने तिची ओळख बहुधा कजाग म्हणूनच ठेविली. प्रस्तुत टिपणाचा विषय येथूनच निघतो. ज्या संसारात स्त्रीचा शब्द अखेरचा असतो, किंवा तो तसा असावा असे जी मागते, तिच्याविषयीचे लेखन मराठीत सुरू होते आणि लवकरच थांबते. असे का व्हावे?

याचे रूढ उत्तर असे की, समाज खवळतो आणि लेखिका भिते. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले, प्रती पाचशे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील भ्रूणहत्येच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीची जी निंदा झाली, तिला दिलेले हे उत्तर होते. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मधून या ग्रंथाची बाजू घेतली. म्हणजे बाईंस समर्थक नव्हता असे नाही. आणि भित्रेपणाचा आरोप तर त्या ग्रंथाचे एक पान वाचणाराही करणार नाही. तरीही त्यांचे दुसरे पुस्तक नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी हा ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत पहिलेही विस्मृतीतच होते.

कारण ग्रंथाच्या रचनेतच शोधावे लागते. ताराबाई स्त्रीवरील एकेक दोषारोप घेतात आणि तोच दोष पुरुषाच्या पदरात दाखवितात. ही तराजूची रीत होय. पारडी समान झाली की तिचे काम संपते. त्यापुढे स्त्रीने कारभार हाती घेतल्यास घर कसे असेल, हे सांगण्यास ती असमर्थ ठरते. त्यांचे पती घरजावई म्हणून राहत, अशी माहिती मिळते. म्हणजे उलट्या मांडणीच्या संसाराचा अनुभव त्यांच्या घरातच होता. पण ग्रंथात त्या संसाराची कथा नाही. वाद घालण्यास भाषा मिळाली, वृत्तान्त सांगण्यास मिळाली नाही.

ही उणीव व्यक्तीची नसून भाषेचीही आहे. स्त्रीच्या सल्ल्याने चालणाऱ्या पुरुषास मराठीत बाइलबुद्ध्या म्हणतात, ताटाखालचे मांजर म्हणतात, बायकोच्या मुठीतला म्हणतात. गौरवाचा एकही शब्द नाही. उलट घर प्रत्यक्ष चालविणारीस आपण 'कारभारीण' म्हणतो, तो शब्दही 'कारभारी' या शब्दावरून आलेला. अशा शब्दसंग्रहात लिहू पाहणारीस दोनच वाटा मोकळ्या राहतात : प्रहसन किंवा फिर्याद. दोन्ही फार काळ चालत नाहीत. प्रहसनास पुनरावृत्ती मारते. फिर्याद एकदा नोंदविली की तीच पुन्हा नोंदविण्यात अर्थ उरत नाही.

दुसरे कारण वाचकाकडे, म्हणजे आपणांकडे येते. 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) आणि 'हिंदोळ्यावर' (१९३४) ही विभावरी शिरूरकर यांची पुस्तके आली तेव्हा ती काय सांगतात यापेक्षा ती लिहिणारी कोण, याचीच चौकशी अधिक झाली. पुढे कळले की टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. 'विरलेले स्वप्न' (१९३५) नंतर 'बळी' ही कादंबरी १९५० मध्ये आली आणि तिचा विषय निराळा होता. ही दीड दशके केवळ निंदेने व्यापली असे म्हणता येणार नाही. परंतु संसाराविषयी स्त्रीने लिहिलेली प्रत्येक ओळ तिच्या स्वतःच्या घराचा जबाब म्हणून वाचली जाते, ही अडचण खरीच. संसार एकटीचा नसतो. लिहिणारी धीट असली तरी दुसऱ्याची अब्रू पणास लावण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हा प्रश्न तिची लेखणी रोखतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलीच की! लिहिली; परंतु ती १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, आणि रेव्हरंड टिळक १९१९ मध्येच निवर्तले होते. संसार संपल्यावर त्याची कथा सांगता आली. दुसरा आक्षेप र. धों. कर्वे यांचा. खटले झेलूनही 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. पण मासिक त्यांचे स्वतःचे होते, ते पुरुष होते, आणि त्यांचा विषय सिद्धान्त होता, स्वतःचे घर नव्हे. सिद्धान्तास रोज नवे उदाहरण मिळते. घरातील व्यवस्था जितकी सुरळीत, तितके सांगण्यासारखे कमी; बंडाची वार्ता होते, वहिवाटीची होत नाही.

म्हणून थांबलेल्या लेखणीस पराभव ठरविण्याची घाई अभ्यासकाने करू नये. ताराबाईंचे थांबणे हे साधन संपल्याचे थांबणे दिसते. मालतीबाईंचे, उघडे पडण्याच्या भयाने वेढलेले. तिसरेही एक थांबणे असते : जे मागितले ते मिळाले आणि लिहिण्याची निकड उरली नाही. या तिसऱ्याचा पुरावा ग्रंथालयात सापडणार नाही, कारण त्याने कागदच मागे ठेविलेला नसतो. जिजाईच्या मौनात यांपैकी काय होते, हे ठरविण्यास आपणांजवळ आधार नाही. मात्र तिला कजाग म्हणणारा शब्द कोणाचा, हे प्रत्येक वाचनात विचारणे आपल्या हाती आहे.